निळा ठिपका किती खरा?

(जानेवारी २०२५ मधल्या माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेलं भाषण. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)



संयोजकांनी मला सांगितलं होतं, "तू इंजिनिअर आहेस, तुझ्या कामातलं काहीतरी बोल. पण जेवणाआधीचं भाषण आहे हे लक्षात ठेव." लक्षात ठेवते.

आज सकाळी आपल्या बॅचच्या ग्रूपवर सगळ्यात जास्त वेळा आलेला मेसेज कोणता होता? "लोकेशन टाक." ज्या शाळेत दहा वर्षं चालत आलो, वाटेत चिंचा-बोरं खात आलो, तिचं लोकेशन! पण मी हसणार नाही, कारण मीसुद्धा ठाण्याहून येताना डोंबिवली स्टेशनच्या बाहेर उभं राहून फोन काढला. गल्ल्या त्याच आहेत, पण बैठी घरं आणि चाळी जाऊन तिथे टॉवर उभे राहिलेत. मी रस्त्याकडे न बघता फोनवरच्या निळ्या ठिपक्याकडे बघत चालत आले. आज मला त्या ठिपक्याबद्दलच बोलायचं आहे. गेली काही वर्षं माझं पोट त्यावरच चालतं, आणि त्याच्या नादात माझ्या हातून एका माणसावर अन्याय झाला, तेही सांगायचं आहे.

मी ज्या कंपनीत काम करते, तिथे आम्ही गाड्यांचा माग ठेवणारं सॉफ्टवेअर बनवतो. गाडीत एक छोटं यंत्र बसवतात, ते उपग्रहांवरून गाडीची जागा काढतं आणि आमच्याकडे पाठवतं. आमचं एक काम पाण्याच्या टँकरचं होतं. कल्याण-शीळ रस्त्यालगत जी नवी संकुलं उभी राहिली आहेत, तिथे टँकर किती लागतात हे डोंबिवलीकरांना मी सांगायला नको. फेरी झाली की नाही हे ठरवायला आम्ही नकाशावर प्रत्येक ठिकाणाभोवती तीस मीटर त्रिज्येचं वर्तुळ आखलं होतं. टँकर वर्तुळात थांबला तर फेरी धरायची, नाहीतर नाही. तो नियम मी लिहिला होता. चार ओळींचा कोड होता आणि मला तो फार सुटसुटीत वाटला होता.

२०२४ च्या एप्रिलमध्ये एका टँकरचालकाचा फोन माझ्यापर्यंत आला. वयानं पन्नाशीचे, मूळचे मराठवाड्यातले. मार्चच्या हिशेबात त्यांच्या अकरा फेऱ्या कापल्या होत्या. ते म्हणाले, "मॅडम, मी तिथंच होतो. पाणी उतरवलंय. तिथल्या बायकांना विचारा." मी स्क्रीनवर बघितलं आणि म्हणाले, "काका, सिस्टीममध्ये तसं दिसत नाहीये."

हे वाक्य आपण सगळ्यांनी कुठल्या ना कुठल्या खिडकीवर ऐकलेलं आहे. ते आपल्याच तोंडून बाहेर पडलं की कसं वाटतं, ते मला त्या दिवशी कळलं. पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग ते म्हणाले, "म्हणजे तुमचा ठिपका खरा आणि मी खोटा?"

मी फोन ठेवला, पण ते वाक्य डोक्यातून जाईना. शेवटी मी दोन संध्याकाळी त्या जागांवर जाऊन उभी राहिले. काय दिसलं ते सांगण्याआधी हा ठिपका येतो कुठून, ते थोडक्यात सांगते.

जीपीएसच्या उपग्रहाला आपण कुठे आहोत हे अजिबात माहीत नसतं. तो जमिनीपासून साधारण २०,२०० किलोमीटर उंचीवरून फक्त स्वतःची जागा आणि अचूक वेळ सांगत असतो. ते सांगणं आपल्या फोनपर्यंत पोचायला सेकंदाचा सुमारे चौदावा-पंधरावा भाग लागतो. किती वेळ लागला त्यावरून फोन अंतर काढतो आणि निदान चार उपग्रहांची अंतरं मिळाली की आपली जागा ठरवतो. वेळेत एका सेकंदाच्या अब्जाव्या भागाची चूक झाली, तर अंतरात ३० सेंटिमीटरची चूक होते.

आपल्या भाषेत सांगायचं तर हे लोकलवरून अंतर काढण्यासारखं आहे. समजा, डोळे बांधून तुम्हाला डोंबिवलीला गाडीत बसवलं आणि सांगितलं, किती वेळ लागला त्यावरून ठाणं किती लांब आहे ते सांग. एरवी बरोबर जमेल. पण गाडी दिव्याच्या अलीकडे सिग्नलला दहा मिनिटं उभी राहिली, तर तुमच्या हिशेबानं ठाणं पुढे सरकलेलं असेल. ठाणं जागच्या जागी आहे, फक्त वाटेत गर्दी झाली.

उपग्रहाच्या संदेशाच्या वाटेतली ही गर्दी म्हणजे आयनांबर. जमिनीपासून साधारण ऐंशी किलोमीटरपासून हजारेक किलोमीटरपर्यंतचा हा थर. सूर्याच्या अतिनील किरणांनी तिथल्या विरळ हवेतल्या अणूंचे इलेक्ट्रॉन सुटे होतात. या सुट्या इलेक्ट्रॉनांमधून जाताना संदेशाला उशीर होतो आणि अंतर काही मीटरपासून काही दशक मीटरपर्यंत जास्त भरतं. उपग्रह स्वतःच एक अंदाजपत्रक पाठवतो, की या वेळी या भागात साधारण इतका उशीर धरा. पण ते रेल्वेच्या वेळापत्रकासारखंच आहे. त्यानं साधारण निम्मी चूक निघते, उरलेली तशीच राहते.

आणि आपण राहतो ती जागा यात विशेष आहे. पृथ्वीचं चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकावरून जातं. तिथे दिवसा हे इलेक्ट्रॉन कारंज्यासारखे वर उचलले जातात आणि चुंबकीय रेषांवरून घसरत दोन्ही बाजूंना पडतात. उत्तरेकडे त्यांचा ढीग साधारण गुजरात-मध्य प्रदेशाच्या पट्ट्यात साचतो. ठाणे-कल्याण त्या ढिगाच्या उतारावर आहे. युरोप-अमेरिकेच्या बऱ्याच भागात जे आभाळ शांत असतं, ते आपल्याकडे रोजच खळबळलेलं असतं. सूर्य मावळल्यावर दक्षिणेकडच्या आयनांबरात पोकळ बुडबुडे तयार होऊन वर चढतात आणि आपल्या बाजूला पसरतात. त्यांच्यातून येणारा संदेश ताऱ्यासारखा लुकलुकतो. कधी इतका मंद होतो की यंत्राच्या हातून निसटतोच. आपल्या भागात हे मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, संध्याकाळनंतर मध्यरात्रीपर्यंत जास्त होतं. सूर्य जोरात असेल त्या वर्षांत आणखी जास्त. २०२४ हे तसंच वर्ष होतं.

आता त्या दोन संध्याकाळी. काकांच्या अकरापैकी सात फेऱ्या दोन टॉवरांच्या मधल्या बोळातल्या होत्या. तिथे उपग्रहाचा संदेश सरळ न येता भिंतीवर आपटून येतो आणि ठिपका पलीकडच्या रस्त्यावर जाऊन बसतो. घोडबंदर रोडच्या उंच इमारतींमध्ये ज्यांनी रिक्षा बोलावली आहे, त्यांना हे ठाऊक असेल. त्यात सूर्याचा काही संबंध नाही, ती चूक दिवसभर तशीच होती. पण उरलेल्या चार फेऱ्या एका उघड्या मैदानावरच्या होत्या आणि चारही रात्री साडेआठ ते अकराच्या दरम्यानच्या. मी तिथे आमचं यंत्र आणि दोन फोन घेऊन उभी राहिले. सहा वाजता सगळं ठीक होतं. आभाळ निरभ्र, आसपास इमारत नाही. पावणेनऊच्या सुमाराला काही उपग्रहांचे आकडे खाली-वर व्हायला लागले, दोन उपग्रह गायब झाले, परत आले, आणि आमचा ठिपका मैदान सोडून रस्त्यापलीकडे जाऊन बसला. मी जागची हलले नव्हते.

काका म्हणाले ते खरं होतं. ते तिथंच होते.

तुम्ही म्हणाल, हे रोजचं झालं, मग सूर्यावरच्या वादळाचं काय? रोजचं आयनांबर ही रोजची गर्दी असेल, तर भूचुंबकीय वादळ म्हणजे २६ जुलै. सूर्यावर स्फोट होऊन विद्युतभारित कणांचा प्रचंड लोट चुंबकीय क्षेत्र घेऊन आपल्याकडे येतो. त्या चुंबकीय क्षेत्राची दिशा पृथ्वीच्या क्षेत्राच्या उलट असली की दार उघडतं आणि ऊर्जा आत घुसते. मग आयनांबरातली गणितं काही तासांत बदलतात. कुठे इलेक्ट्रॉन एरवीपेक्षा कितीतरी वाढतात, कुठे कमी होतात, आणि शेजारच्या दोन शहरांवरचं आयनांबरही सारखं राहत नाही. आपल्याकडचे संध्याकाळचे बुडबुडे अशा वेळी वाढतीलही किंवा अजिबात येणारही नाहीत. वादळ आपल्या घड्याळानं किती वाजता आलं, त्यावर ते ठरतं.

असं वादळ गेल्या वर्षीच आलं. तारीख होती १० मे २०२४, अक्षय्य तृतीया. आपण आमरस-पुरी खाऊन झोपायच्या तयारीत होतो, तेव्हा रात्री साडेदहाच्या सुमाराला त्याचा पहिला तडाखा पृथ्वीला बसला. २००३ नंतर इतकं मोठं वादळ झालं नव्हतं. लडाखमध्ये हानले इथे आकाशात लाल प्रकाश दिसला. अमेरिकेत मका पेरायचे दिवस होते आणि तिथले ट्रॅक्टर उपग्रहांवरून सेंटिमीटरच्या हिशेबानं सरी ओढतात. अनेक शेतकऱ्यांना त्या शनिवार-रविवारी पेरणी थांबवावी लागली. मी दुसऱ्या दिवशी सकाळी धावत आमच्या नोंदी उघडल्या. एकही टँकर खाडीत गेलेला नव्हता! खरं सांगायचं तर आपल्या फोनला अशा वादळानं होणारी काही मीटरची चूक जाणवतही नाही. ज्यांना सेंटिमीटर लागतात, किंवा ज्यांचा जीव त्यावर असतो, त्यांना ती जाणवते. उदाहरणार्थ विमान.

आणि इथे मला माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. २००३ च्या ऑक्टोबरच्या शेवटी असंच प्रचंड वादळ झालं होतं. अमेरिकेत विमानांना उपग्रहांवरून उतरण्याची दिशा आणि उंची दाखवणारी यंत्रणा तेव्हा सुरू होऊन जेमतेम साडेतीन महिने झाले होते. त्या वादळात तिनं दोन दिवसांत कित्येक तास उंचीचं मार्गदर्शन द्यायला नकार दिला. वर्षानुवर्षं मी हे "यंत्रणा बंद पडली" असंच समजत होते. या वेळी नीट वाचलं. ती बंद पडली नव्हती. आयनांबर आपल्या गणिताच्या बाहेर गेलंय हे तिनं ओळखलं आणि वैमानिकांना सांगितलं, आत्ता माझ्यावर विसंबू नका. यंत्रणा बनवणाऱ्यांनी ती मुद्दाम तशी बनवली होती.

आपल्याकडे इस्रो आणि भारतीय विमानतळ प्राधिकरण यांनी मिळून 'गगन' नावाची अशीच यंत्रणा उभारली आहे. देशभरातल्या पंधरा केंद्रांवर उपग्रहांचे संदेश सतत तपासले जातात. जागेतली चूक सुधारून सांगणं हे तिचं एक काम. ती चूक किती मोठी असू शकते हे सांगणं, आणि भरवसा उरला नसेल तर काही सेकंदांत तसं कळवणं, हे दुसरं. आपल्या आभाळाची खळबळ बघता हे दुसरं काम तिला तिकडच्यापेक्षा जास्त कठीण जातं. २०२२ मध्ये राजस्थानात किशनगडला एक प्रवासी विमान 'गगन'च्या आधारे उतरवून बघितलं गेलं.

म्हणजे विमानाला आपण सांगतो, "मला खात्री नाही." आणि टँकरवाल्याला माझं सॉफ्टवेअर काय सांगत होतं? "तू नव्हतास." यंत्राला स्वतःची चूक किती असू शकते, याचा अंदाज होता. प्रत्येक नोंदीबरोबर तो आकडा येत होता. मी तो साठवतसुद्धा नव्हते. चार ओळींचा सुटसुटीत कोड!

बाई, तुम्ही समोर बसला आहात म्हणून सांगते. आठवीत तुम्ही आम्हाला होकायंत्र घेऊन मैदानावर नेलं होतं. झेंड्याच्या लोखंडी खांबाजवळ गेलं की सुई वळायची. मी प्रयोगवहीत खांबाजवळही "उत्तर" असंच लिहिलं होतं, कारण पुस्तकात होतं की सुई उत्तर दाखवते. तुम्ही ते लाल शाईनं खोडलंत आणि म्हणालात, "जे दिसलं ते लिही. जे दिसायला हवं होतं ते नको."

सुईची गोष्ट निघालीच आहे, तर आपल्या शेजारची एक सांगते. १ सप्टेंबर १८५९ ला इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांना सूर्याच्या डागांजवळ काही मिनिटं टिकलेला झगझगीत प्रकाश दिसला. त्यानंतर सतरा-अठरा तासांत पृथ्वीवर जे वादळ आलं, ते नोंदलेल्या वादळांत सर्वांत मोठ्यांपैकी मानलं जातं. तेव्हा बोरीबंदर ते ठाणे गाडी सुरू होऊन सहा वर्षं झाली होती, कल्याणपर्यंत येऊन पाच. मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत चुंबकीय सुयांचं वाचन माणसं डोळ्यांनी घेऊन वहीत लिहीत होती. वादळ आल्यावर त्यांनी वाचनं जास्त वेळा घ्यायला सुरुवात केली. इंग्लंडमध्ये फोटोच्या कागदावर आपोआप उमटणाऱ्या रेषा कागदाबाहेर निघून गेल्या, पण कुलाब्याच्या वहीत आकडे उतरले. क्षैतिज चुंबकीय क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी खाली गेल्याची ती नोंद आहे. इतकी घसरण त्या माणसांनी आधी कधी पाहिली नसणार. "सुई बिघडली असेल" म्हणून ते आकडा बरा करून लिहू शकले असते. त्यांनी दिसलं ते लिहिलं. २००३ मध्ये भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे गुरबक्ष लखिना, एस. अॅलेक्स आणि त्यांच्या परदेशी सहकाऱ्यांनी त्याच नोंदी वापरून त्या वादळाचा अभ्यास प्रसिद्ध केला. १४४ वर्षांनी त्या वहीचा उपयोग झाला!

मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून ही चुंबकीय मोजणी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अलिबागला हलवली. तेव्हा संचालक होते नानाभाई मूस. त्यांनी हलवण्याआधी दोन्हीकडची मोजणी १९०४ ते १९०६ अशी शेजारी शेजारी चालू ठेवली, म्हणजे जुन्या आणि नव्या नोंदींचा धागा तुटू नये. अलिबागची वेधशाळा आजही चालू आहे, संस्थेचं मुख्यालय नवीन पनवेलला आहे. आणि पंधरा लाख किलोमीटरवरून आपलं 'आदित्य-एल१' हे यान जानेवारी २०२४ पासून सूर्यावर आणि तिकडून येणाऱ्या वाऱ्यावर नजर ठेवून आहे. हा वारा पृथ्वीच्या आधी त्या यानाला लागतो, म्हणून आपल्याला थोडी आगाऊ सूचना मिळू शकते.

आता काकांचं काय झालं, ते सांगून थांबते.

मी तो नियम बदलला. आता आमचं सॉफ्टवेअर तीन उत्तरं देतं: आत, बाहेर, आणि "सांगता येत नाही". ठिपक्याभोवतीचं चुकीचं वर्तुळ मोठं असेल, उपग्रह निसटत असतील, तर तिसरं उत्तर. आणि तिसऱ्या उत्तरावर कुणाचेही पैसे कापायचे नाहीत, माणसाला विचारायचं. हे ऐकायला सोपं वाटतं. मंजूर करून घ्यायला मला तीन बैठका लागल्या. "ग्राहकाला ठाम उत्तर हवं असतं," असं मला सांगण्यात आलं. मी म्हटलं, ठाम आणि खरं यात मला एकच देता येत असेल तर मी कुठलं देऊ?

अकरा फेऱ्यांचे पैसे काकांना मिळाले, पण जूनच्या अखेरीला. तोवर मुलीच्या कॉलेजच्या फीसाठी त्यांनी उसने घेतले होते आणि त्या ठेकेदाराचं काम सोडलं होतं. मी माफी मागायला फोन केला. म्हणाले, "पैशाचं झालं, ताई. पण मी खोटं बोलत नव्हतो, एवढं कागदावर लिहून द्या. नव्या मालकानं विचारलं तर दाखवता येईल."

मी लिहून दिलं. मराठीत, अर्ध्या पानाचं पत्र. खूप वर्षांनी इतकं मराठी लिहिलं आणि तीनदा खाडाखोड केली. चार ओळींच्या कोडला लागला होता त्याच्या कितीतरी पट वेळ त्या पत्राला लागला.

शेवटी एक सूचना, आणि ही संयोजकांना आधी सांगितलेली नाही. आपल्या बॅचतर्फे शाळेला काय द्यायचं, यावर ग्रूपवर चर्चा चालू आहे. प्रोजेक्टर द्या, पंखे द्या, जरूर द्या. त्याबरोबर मैदानात एक दगड पक्का बसवू या. शाळेजवळ राहणाऱ्या आठवी-नववीच्या दोन मुलांनी पालकांना घेऊन रोज संध्याकाळी सहा आणि रात्री नऊ वाजता त्या दगडावर फोन ठेवावा, ठिपका किती सरकला, किती उपग्रह दिसले, ते वहीत लिहावं. खर्च एका वहीचा. वर्षभराच्या नोंदी झाल्या की आलेख काढायला मी येईन, दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी, हे सगळ्यांसमोर कबूल करते. मार्चमध्ये काय दिसतं आणि डिसेंबरमध्ये काय, हे मुलांना आपलं आपण कळेल. एखाद्या दिवशी सूर्यावर काही घडलं, तर त्यांच्या वहीतही ते कदाचित दिसेल. नाही दिसलं तर "नाही दिसलं" असं लिहायचं.

बाई, वही तपासायला तुम्ही यायचं आहे. लाल शाई मी आणीन.